खणाखणानें वाढणारें घर

विद्यार्थीमित्रहो, आपल्या बेलापुरांतील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थांस त्यांचें जुनें घर केवढें होतें असें विचारून पाहा. चौरस फुटांचा हिशोब ते बहुधा सांगणार नाहींत. “पांच खणांचें” किंवा “सात खणांचें” असें उत्तर देतील. या एका लहानशा शब्दांत गृहरचनेचें जें तत्त्व सांठविलेलें आहे, त्याचा विचार आज आपण करूं.

खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. भार सोसणारें लांकूड जेवढें लांब मिळे, त्यावरून तें ठरे. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, त्यांवर पाट आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचें धाबें, अशी ही जुळणी असे. एकदां माप ठरलें कीं सुतारास प्रत्येक खोलीसाठीं निराळें गणित मांडावें लागत नसे. गरिबाचें दोन खणांचें घर आणि सावकाराचा चौसोपी वाडा हीं दोन्ही एकाच बाराखडीनें लिहिलेलीं असत.

एकाच मापाचे भाग पुन्हां पुन्हां जोडून इमारत उभारण्याच्या पद्धतीस आजचे स्थापत्यविशारद ‘मॉड्युलर’ रचना म्हणतात. तिजवर सामान्य आक्षेप असा कीं, भाग सारखे तर घरेंही सारखींच होणार. मग कल्पकतेस वाव कोठें? हा आक्षेप तुम्हीच पडताळून पाहा. जाड कागदाचे सारखे चौरस कापा व कडेला कड जुळवून मांडा. फिरवून अथवा उलटून तीच होणारी आकृति एकच धरा. २ चौरसांची आकृति एकच होते. ३ चौरसांच्या २, ४ चौरसांच्या ५, ५ चौरसांच्या १२ आणि ६ चौरसांच्या ३५ होतात! आतां मध्यें एका चौरसाएवढी जागा मोकळी सोडून तिच्या भोंवतीं ८ चौरस मांडा. हाच आपला चौक आणि हाच आपला वाडा. ध्यानांत घ्या कीं, वाड्यास वाडेपण देणारा तो नववा चौरस रिकामा आहे.

हेंच तत्त्व परदेशांतही आढळतें. लंडन येथील १८५१ च्या प्रदर्शनासाठीं जोसेफ पॅक्स्टन यांनीं उभारलेला क्रिस्टल पॅलेस हा कांचेचा महाल २४ फुटांच्या मापावर रचलेला होता. खांब, तुळया व कांचा कारखान्यांतून तयार होऊन आल्या व जागेवर केवळ जोडल्या गेल्या. त्यामुळें १,८४८ फूट लांबीची ती इमारत वर्षाच्या आंत उभी राहिली, आणि पुढें उकलून सिडनहॅम येथें नव्या रूपांत पुन्हां उभारतां आली. माँट्रियल येथें १९६७ सालीं मोशे सफदी यांनीं काँक्रीटच्या ३५४ सारख्या खोक्यांतून १५८ घरें रचलीं; खालच्या घराचें छप्पर वरच्या घराची बाग झालें. परंतु तीं अवजड खोकीं घडवून बसविण्यास खर्च फार आला व मूळ संकल्पाचा अंशच सिद्धीस गेला. भाग जितका मोठा, तितकी यंत्रांवरील भिस्त अधिक. खणाचा खांब मात्र चार गडी मिळून उभा करीत.

आपल्या गांवाचें नांव धारण करणारें दुसरें एक बेलापूर नव्या मुंबईंत आहे. तेथें १९८० नंतरच्या दशकांत चार्ल्स कोरिया यांनीं सुमारें ५५० कुटुंबांसाठीं वसाहत आंखली. ८ मीटर लांबीरुंदीच्या अंगणाभोंवतीं ७ घरें. असे तीन समूह मिळून २१ घरें व त्यांचें एक मोठें अंगण, अशी ती रचना आहे. प्रत्येक घर स्वतंत्र जागेवर असून शेजाऱ्याशीं सामाईक भिंत नाहीं. हेतु हा कीं, ज्याच्या हातीं पैसा येईल त्यानें शेजाऱ्यास न दुखवितां घर वाढवावें. पुढें रहिवाशांनीं घरें वाढविलीं. कित्येकांनीं मूळचीं पाडून नवींही बांधलीं.

हा विषय आम्हीं केवळ कुतूहलासाठीं निवडलेला नाहीं. तुमच्यापैकीं पुष्कळांचीं घरें एकदम बांधलीं जात नाहींत. उंसाचे पैसे आले कीं एक खोली, थोरल्याचें लग्न ठरलें कीं दुसरी. यांत कांहीं गैर नाहीं. पूर्वजही असेंच करीत. चूक होते ती अशी कीं, पहिली खोली बांधतांना दुसरीचा विचार झालेला नसतो. मग नवी भिंत जुन्या खिडकीवर येते, आणि जेथें आजी निजते व धाकटी बहीण अभ्यास करते, त्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. असा अंधार आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिला आहे. तो गरिबीनें आलेला नव्हता; दोन खोल्यांमध्यें चार हात जागा सोडावयास पैसा लागत नाहीं, पूर्वविचार लागतो.

तुमच्यांतील कोणी गवंडी होतील, कोणी सुतार, कोणी इंजिनियर. घर तर बहुतेकांस बांधावें लागेल. त्या वेळीं कागदावर सर्व खण प्रथम आंखा, आज परवडतील तेवढेच बांधा, आणि कोणता खण कायमचा रिकामा ठेवावयाचा तें सर्वांच्या आधीं ठरवा. तूर्त सुटींत एवढेंच करा: आपल्या घराचा नकाशा काढा, आजीची खाट कोठें आहे व तिच्यावर उजेड कोठून येतो तें त्यांत दाखवा, आणि तो नववा चौरस आपल्या घरीं उरला आहे कीं नाहीं तें पाहून या.