बियाण्याची ज्वारी : दक्षिण सुदानकडून मिळणारा धडा



भुकेल्याला अन्न द्यावे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण ते कसे द्यावे, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तो विचार आपण आफ्रिकेतील दक्षिण सुदान ह्या देशाच्या उदाहरणावरून करू या.

हा देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. २०१८ च्या शांतता करारापर्यंत युद्धाने आणि त्यातून आलेल्या उपासमारीने व रोगराईने सुमारे ३ लाख ८० हजार माणसांचा बळी घेतला, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. करारानंतरही हिंसा पूर्णपणे थांबली नाही. त्यातच एप्रिल २०२३ मध्ये शेजारच्या सुदानमध्ये युद्ध सुरू झाले आणि पुढच्या दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे जीव मुठीत धरून ह्या देशात आली.

ही भूमी नापीक नाही. नाईल नदी तिच्यामधून वाहते. सुद्दच्या अफाट दलदलीत मासे आहेत, माळांवर गुरांचे कळप आहेत आणि शेतात ज्वारी पिकते. आपल्या भाकरीची ज्वारी मुळात आफ्रिकेच्या ह्याच भागातली मानली जाते. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून भारतात आली. तिकडे ज्वारीचे पीठ आंबवून घावनासारखा पातळ किस्रा करतात.

मग भूक का? कारण पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला घर सोडून पळावे लागते. कणगी जाळली जाते, गुरे पळवली जातात. फेब्रुवारी २०१७ मध्ये लेर आणि मायेनदित ह्या भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. सुमारे एक लाख माणसे त्यात सापडली होती. दलदलीत लपून माणसे कमळासारख्या पाणवनस्पतींवर दिवस काढत होती.

१. आधी जीव वाचवावा

पावसाळ्यात तेथील बहुतेक रस्ते चिखलात बुडतात. म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाची विमाने धान्याची पोती आकाशातून मोकळ्या माळावर टाकतात. रस्त्याने किंवा नदीतून धान्य नेण्यापेक्षा हे कित्येक पटीने महाग पडते. तरी त्या मदतीमुळेच जून २०१७ पर्यंत त्या दोन भागांतील दुष्काळाची तीव्रता ओसरली. 'फुकट धान्याने माणसे आळशी होतात' असे आपण सहज म्हणतो. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. ती आळशी झाली का, हे त्यांनाच विचारावे.

२. बियाणे वाचवावे

घरातले धान्य संपले की कुटुंब शेवटी बियाण्याला हात घालते. मुले रडत असताना बियाणे राखणे कोणत्या आईला जमेल? पण ते खाल्ले की पुढच्या वर्षाची भूकही आजच ठरली. म्हणून जाणत्या संस्था पेरणीच्या वेळी खाण्याचे धान्यही देतात. पोट भरले, तर बियाणे मातीत जाते.

पूर्वी मदत म्हणून बाहेरूनच बियाणे आणत. ते कधी उशिरा पोहोचे, कधी तिथल्या मातीला मानवत नसे. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ह्या संस्थेने २००० च्या सुमारास ह्या भागात 'बियाणे मेळा' भरवायला सुरुवात केली. गरजू कुटुंबांना कुपने मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, स्वतः राखलेले वाण मेळ्यात आणले. कुटुंबांनी आपल्या मनाने निवड केली आणि कुपनाचे पैसे गावातच राहिले. बियाणे शेजारी होते. ते घेण्याची ऐपत तेवढी नव्हती.

३. माणसाच्या हाताला मान द्यावा

१९९० च्या दशकात, आधीचे युद्ध चालू असताना, तेथे गुरांना बुळकांडीचा रोग होता. प्रत्येक गोठाणावर डॉक्टर पोहोचणे अशक्य होते. तेव्हा गुराख्यांनी आपल्यातूनच माणसे निवडली आणि त्यांना उष्णतेत टिकणारी लस टोचायला शिकवण्यात आले. २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. त्या यशात ह्या निरक्षर गुराख्यांचाही वाटा आहे. पुढे आपल्या भारतीय सैन्याच्या पशुवैद्यांनीही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून मलाकल येथे गुरांवर उपचार केले.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की देव सर्व काही एकट्याने करू शकतो, तरी तो आपल्या निर्मितीलाही कार्याचे कारण होण्याचा मान देतो. ह्यात त्याची दुर्बलता नसून त्याचा चांगुलपणा आहे. देव जर माणसाला हा मान देतो, तर दात्याने तो का हिरावून घ्यावा? कर्जात बुडालेल्या विधवेला अलीशा संदेष्ट्याने प्रथम विचारले की तुझ्या घरात काय आहे. तिच्याकडच्या थोड्याशा तेलापासूनच पुढचे सारे घडले.

४. शांतीशिवाय पीक नाही

तोरितचे निवृत्त बिशप पारिदे ताबान ह्यांनी २००५ मध्ये कुरोन येथे 'पवित्र त्रैक्य शांतिग्राम' स्थापन केले. गुरांवरून एकमेकांवर हल्ले करणाऱ्या जमातींच्या मधोमध त्यांनी शाळा, दवाखाना आणि शेती शिकवणारे शेत उभे केले. हे बिशप २०२३ मध्ये देवाघरी गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस जुबा येथे गेले होते. त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये, त्यांनी ह्या देशाच्या भांडणाऱ्या नेत्यांच्या पायांचे व्हॅटिकनमध्ये चुंबन घेतले होते. कुरोनचे काम आणि पोपमहोदयांची ती कृती एकच गोष्ट सांगतात: पेरणाऱ्याला कापणीपर्यंत घरी राहता आले पाहिजे.

२०२५ मध्ये अमेरिकेने आपली यूएसएड ही मदतसंस्था बंद केली. 'आता त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे' असे म्हणणे सोपे आहे. पण ज्वारीला कणीस येईपर्यंत महिने जातात आणि उपाशी बाळाला दिवस मोजावे लागतात. आजचे धान्य आणि उद्याचे बियाणे ह्यांत निवड करायला सांगणे, हाच अन्याय आहे. ख्रिस्ती प्रीती दोन्ही देते, आणि देताना घेणाऱ्याला विचारते.

कुटुंबात चिंतनासाठी

१. आपण दान देतो तेव्हा घेणाऱ्याला काय हवे, हे विचारतो का?

२. आपल्या गावातील कोणत्या गरजू कुटुंबाकडे कौशल्य आहे, पण ऐपत नाही?

३. आपल्या प्रार्थनेत दूरच्या देशातील उपाशी माणसांना ह्या आठवड्यात जागा मिळेल का?