आधी निदान, मग ट्यूब

इंदापूर-बारामती पट्ट्यात अंगाला खाज सुटायला निमित्तांची कमी नाही. तोडीच्या उसाची कूस, कालव्याच्या भरावावर माजलेलं गाजरगवत, फडाशेजारच्या कोप्यांमधली दाटी, वर्कशॉपमधलं कूलंट, बोअरचं क्षाराचं पाणी. खाजवणाऱ्याला खाज एकच वाटते, पण तिच्यामागचे आजार वेगळे असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चिघळवतं. वालचंदनगरची कॉलनी असो की कळंब, लासुर्णे, अंथुर्णे, बहुतेक माणसं आधी मेडिकलच्या काउंटरवर जातात आणि हाती ट्यूब घेऊन परततात. महिनोन्‌महिने न हटणाऱ्या कितीतरी खाजा त्या ट्यूबनेच जुनाट केलेल्या असतात.

सहा आठवड्यांच्या पुढे टिकली की ती जुनाट खाज. ती अंगावर काढू नये, आणि अंदाजाने तिच्यावर काही चोपडूही नये.

ट्यूब घेण्याआधी

टाळा: मेडिकलमध्ये जाऊन नुसतं “खाजेची ट्यूब द्या” म्हणणं. अशी मागितलेली मलमं बरेचदा मिश्र असतात. एक औषध बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची आणि वर जोरकस स्टेरॉइड. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज शमते, लाली उतरते, आणि घरात सगळे म्हणतात, गुण आला. आजार गजकर्णाचा असेल तर त्याच वेळी बुरशी आतून पसरत असते, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची ताकदच मलमाने दाबलेली असते. मलम थांबलं की खाज दुपटीने उसळते. नायट्याची ओळखीची गोल, लाल कड पुसली जाते आणि मग तज्ज्ञालाही तो ओळखायला वेळ लागतो.

करा: ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्येच केला आहे.

टाळा: जांघेत, काखेत, चेहऱ्यावर आणि तान्ह्या मुलांच्या अंगावर हे मलम आपल्या मनाने लावणं. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर फाटल्यासारखे पट्टे उठतात. ते पुढे फिके होतात, पण पुरते जात नाहीत.

टाळा: याच्या उलटची भीतीही. इसब किंवा सोरायसिस असल्याचं ठरलं, तर स्टेरॉइड हेच योग्य मलम असतं. किती जोराचं, कुठे आणि किती दिवस, हे ठरवून दिलेलं असलं की ते सुरक्षित आहे. “स्टेरॉइड आहे” एवढं ऐकून चिठ्ठी फेकून देणारेही तितकेच दिवस खाजवत राहतात.

करा: गजकर्णाची शंका असेल तर केओएच तपासणीबद्दल विचारा. बोथट ब्लेडने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कातडीच्या पेशी विरत गेलेल्या असतात आणि त्यांच्यातून आरपार जाणारे, फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. सुई नाही, रक्त नाही, खर्चही फारसा नाही. इतकी साधी तपासणी असताना अंदाजाने मलमं बदलत राहण्यात काही अर्थ नाही.

करा: गजकर्ण ठरलंच तर घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे आणि जीन्स उलट्या करून कडक उन्हात वाळवा. कमरेचा करदोटा काढून ठेवा. तो दिवसभर ओला राहतो आणि तिथेच पहिला चट्टा येतो.

टाळा: खाज थांबली म्हणून गोळ्या बंद करणं. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर पसरलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. पूर्वी पंधरवड्यात बरं होणारं गजकर्ण आता कित्येक आठवडे घेतं.

गाजरगवत

गाजरगवताने होणाऱ्या इसबाशी पुणे जिल्ह्याचं जुनं नातं आहे. 1950च्या दशकात या गवताची पुण्यात नोंद झाली आणि बघता बघता ते बांध, कालवे, रेल्वेचे रूळ, मोकळे प्लॉट असं सगळीकडे उभं राहिलं. त्याच्यामागोमाग सुजलेल्या, खाजऱ्या चेहऱ्याची माणसं पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागली. डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या संशोधकांसोबत 1974 मध्ये लंडनच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलच्या त्वचारोग नियतकालिकात या इसबावर लेख प्रसिद्ध केला. आज पन्नास वर्षांनीही आपल्याकडचा शेतकरी त्याच त्रासाला “उष्णता झाली” म्हणून सब्जा पीत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

करा: जागा नीट बघा, निदानाची अर्धी वाट तिथेच सापडते. रुग्ण बहुधा रानात काम करणारा, मध्यम वयाचा पुरुष. पापण्या सुजलेल्या, मानेच्या वळ्या लाल, सदऱ्याच्या उघड्या गळ्याएवढा तिकोनी चट्टा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत जाड, काळपट कातडी. नुसत्या उन्हाच्या त्रासात पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग सुटतो, कारण तिथे सावली असते. गवताची धूळ मात्र हवेतून येते आणि या सावलीच्या जागाही सोडत नाही. वर्षं गेली की दोन्ही एकमेकांत मिसळतात, मग ऊनही सोसत नाही.

करा: पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर छोट्या कप्प्यांतून निरनिराळे पदार्थ चिकटवतात, 48 तासांनी पट्ट्या काढून बघतात आणि पुन्हा 96 तासांच्या सुमारास बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम गळेल असं काम करायचं नाही. म्हणून लागण किंवा तोडणीच्या धांदलीत ती ठरवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर खरी ॲलर्जीही उमटणार नाही.

करा: गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून रान ओलं असताना मुळासकट उपटा. पूर्ण बाह्या, हातमोजे, नाकातोंडाला फडकं.

टाळा: ज्याला त्रास आहे त्यानेच उपटायला जाणं. फक्त फुलातच दोष आहे हाही गैरसमज आहे. पार्थेनिन हे त्रास देणारं द्रव्य पानाखोडावरच्या लवीतही असतं. वाळलेल्या गवताचा भुगाही तितकाच बाधतो, त्यामुळे सुगीत मळणीची धूळ अंगावर घेऊ नका.

टाळा: पावसाळ्यात या गवतावर दिसणारे पांढरट, काळ्या रेघांचे भुंगेरे मारणं. झायगोग्रामा नावाचे हे किडे 1980च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणून सोडलेले आहेत. ते गवताचा पाला खातात.

शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली. गाजरगवताची ॲलर्जी जडलेल्यांना शेवंतीचे हार गुंफतानाही खाज सुटू शकते, हे फुलशेती करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बळावलेल्या आजारात तज्ज्ञ अॅझाथायोप्रिनसारखी गोळी देतात. ती चालते, पण ठरल्या तारखेला रक्त तपासायलाच हवं. पांढऱ्या पेशी आणि यकृत यांच्यावर ती परिणाम करू शकते.

घरभर खाज

ऊसतोडीच्या दिवसांत कूस टोचून येणारी खाज हात, मान, पोटऱ्या अशा उघड्या अंगाला येते आणि खाडा पडला की उतरते. याउलट पाठ टेकल्यावर वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती आणि जांघेत येणारी खाज, आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर ती खरूज धरावी. कोपीत एका वाकळेखाली चौघं झोपतात तिथे ती एकाची राहत नाही.

करा: 5 टक्के परमेथ्रिन क्रीम रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा, खाज नसणाऱ्यांनीही. सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ती वाकळ पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच तगतो.

टाळा: फक्त खाजणाऱ्या जागी ठिपके ठिपके लावणं. टाळा: गोठ्यातलं गोचिडाचं औषध माणसाच्या अंगाला. तान्ही मुलं आणि गरोदर बाया यांचं औषध डॉक्टरच ठरवतील.

टाळा: बरं झाल्यावरही उरलेल्या खाजेला घाबरून पुन्हा पुन्हा क्रीम थापणं. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते.

हात

लेथवर, मिलिंगवर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या फटीत आणि पंजाच्या पाठीवर भेगा, बारीक फोड, खाज. साप्ताहिक सुट्टीला आणि गावच्या जत्रेला रजा घेतली की हात निवळतात, कामावर परतलं की पुन्हा सुरू. हेच मोठं लक्षण आहे, ते डॉक्टरांना सांगा. कूलंट कामगाराच्या हाताला दिवसभर ओलं ठेवतं आणि कातडीवरचं तेल ओढून घेतं. गवंड्यांना सिमेंटमधलं क्रोमेट असंच छळतं.

टाळा: हात रॉकेलने, थिनरने किंवा कपडे धुण्याच्या पावडरीने घासणं. वापरलेल्या कॉटन वेस्टने पुसणंही नको. त्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो कातडी ओरबाडतो.

करा: सौम्य साबण, कोरडं फडकं आणि लगेच व्हॅसलिन किंवा जाड मॉइश्चरायझर, दर वेळी. पण फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालू नका. मोजा अडकला तर हात आत खेचला जातो. मोजे धुण्या-पुसण्याच्या कामाला. घरी भांडी घासणाऱ्या बायकांचे हात याच कारणाने फुटतात आणि त्यांना सुट्टीचा दिवसही नसतो. त्यांनाही रबरी मोजे आणून द्या.

पुरळ नाही, तरी खाज

करा: रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि पेशी, साखर, क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड, लोह. कातडी स्वच्छ असून अंगभर खाज येत असेल तर कारण मूत्रपिंडात, यकृतात किंवा रक्तात असू शकतं. सोबत वजन घटत असेल, रात्री दरदरून घाम येत असेल, गाठी लागत असतील तर आणखी लवकर. रक्तदाबाच्या किंवा इतर चालू गोळ्यांची यादीही दाखवा. डायलिसिसवरच्या रुग्णाची खाज गॅबापेंटिनच्या छोट्या मात्रेने आटोक्यात येते. ती सोसत राहण्याची गरज नाही.

अंगावर गांधी उठतात

गांधी चोवीस तासांत मागमूस न ठेवता विरते. एकच गांधी त्याहून जास्त टिकली, दुखली किंवा डाग सोडून गेली तर ते वेगळं प्रकरण, दाखवायला हवं. आमसुलाचं पाणी चोळायला हरकत नाही, गार वाटतं. पण सहा आठवडे झाले तरी गांधी उठत असेल तर झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी रोज, ठरल्याप्रमाणे घ्यावी लागते. उठली की एक, असं चालत नाही.

टाळा: वांगं, दही, टोमॅटो, मासे असं एकेक बंद करत ताट रिकामं करणं. जुनाट गांधी खाण्यातून क्वचितच येते.

आंघोळ

कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. काथ्या किंवा दगडाने घासू नका. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा मॉइश्चरायझर. म्हाताऱ्या माणसांची हिवाळ्यातली पायांची खाज एवढ्यानेच निम्मी होते. डेटॉलसारखं जंतुनाशक अंगाला चोळू नका. नखं कापा.

डॉक्टरकडे जाताना

करा: आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा. चट्टा भरात असतानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कामाचं स्वरूप, ऋतू, रात्र की दिवस, घरात आणखी कुणाला, हे सांगा. जायच्या आधी काही दिवस जागेवर काही लावू नका. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आहे. खाजगीत गेलात तरी त्वचारोगतज्ज्ञाची पदवी बघून जा.

करा: उठण्याआधी दोन गोष्टी विचारा. आजाराचं नाव काय, आणि औषध किती दिवस.

टाळा: झटपट गुणाची सुई आणि बिननावाच्या पुड्या. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि सोरायसिसमध्ये सुई थांबल्यावर अंगभर पू धरलेले फोड उठू शकतात.

त्याच दिवशी दाखवा

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री अनावर खाज, पुरळ काहीच नाही: पित्तरसाची तपासणी लागते, पोटातल्या बाळाला धोका असतो. गांधीसोबत ओठ सुजले, आवाज बसला किंवा श्वास अडकला. सगळं अंग लाल होऊन कोंडा झडतोय आणि थंडी वाजतेय. खाजवलेल्या जागी पू, ताप, लहान मुलाची लघवी लाल किंवा चेहरा सुजलेला.

आणि एक चट्टा असा, जो खाजतच नाही. फिकट किंवा तांबूस, त्यावर घाम येत नाही, टोचलेलं कळत नाही. त्याच्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाची औषधं तिथे मोफत मिळतात आणि लवकर सुरू केली तर हातापायाची बोटं शाबूत राहतात.