चिमणीसकट आकाश

भुसावळजवळच्या दीपनगरात राहायला आल्यावर मी कवितांसाठी निसर्ग शोधू लागलो. पुढं हळूहळू जे उमगत गेलं, ते असं:

१. डोळे उघडे असले म्हणजे पाहणं होतंच, असं नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या कवितांत तापी होती, चांदणं होतं, बगळे होते. वीज केंद्राच्या चिमण्या मात्र एकाही ओळीत नव्हत्या. खिडकी उघडली की आधी त्याच दिसायच्या! त्या ओळी कुठल्याही नदीकाठी लिहिता आल्या असत्या.

२. चिमणी कवितेत आली ती धुराचा हात धरून. पावसाळा जवळ आला की तिचा धूर पूर्वेला, वरणगावच्या अंगाला कलायचा. ढग दिसण्याआधी वारं दिसायचं. जिला मी दृश्यातून पुसत होतो, तीच मला ऋतू सांगत होती.

३. उपमा सुचली की मी पाहणं थांबवतो. केळीच्या फाटक्या पानांना मी ‘जखमी’ म्हटलं होतं. बागेत काम करणारी एक मावशी म्हणाली, “भाऊ, पान फाटतं म्हणून तं झाड उभं राहतं.” चिरांमधून वारा निघून जातो, झाडावरचा जोर कमी होतो. घरी येऊन तो शब्द खोडला. त्या जागी दुसरा ठेवायची घाई केली नाही.

४. पाहायला सवड लागते, हाही माझा समजच. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर हात चालू असताना त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या टिकल्या आणि बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, पुस्तक झालं. मी माती पाहत होतो. त्या मातीत राबत होत्या. हे उमगल्यापासून शेतात गेलो की आधी विचारतो, मग लिहितो.

५. सगळं कागदावर आलंच पाहिजे, असं नाही. धरणगावात जन्मलेले बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस. भुसावळहून जळगावला जाताना भादली लागतं. तिथं मी वही मिटतो आणि गाडी पुढं सरकेपर्यंत नुसता बाहेर पाहत राहतो. त्यांना पुढं पाहता न आलेलं थोडं आपण पाहावं, एवढंच मनात असतं.