बिननावाची कादंबरी हुडकताना

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी नववीत असताना शाळेच्या कपाटातली एक कादंबरी वाचली होती. नाव विसरलो, लेखक विसरलो. मनात राहिलं ते शिंप्याचं घर, शिलाई मशीन, आणि ते घर डोळ्यांदेखत मोडत जाणं. पुस्तक जाड पुठ्ठ्याचं बायंडिंग केलेलं होतं. मुखपृष्ठ त्या बायंडिंगमध्येच गेलेलं, आणि आत 'ता. हिंगोली, जि. परभणी' असा जांभळा गोल शिक्का. एवढ्या भांडवलावर ती कादंबरी शेवटी सापडली. अशी पुस्तकं मनात घेऊन फिरणारे बरेच जण भेटतात, म्हणून उपयोगी पडलं ते लिहितो.

१. आधी धडा होता की पुस्तक, हे ठरवून टाकावं. 'शाळेत वाचलेली कादंबरी' पुष्कळदा बालभारतीच्या पुस्तकातला एखादा उताराच असतो. तसं असलं तर काम सोपं. लेखकाचा परिचय आणि मूळ पुस्तकाचं नाव धड्यासोबतच छापलेलं असतं. 'किशोर' मासिकात वाचलेलं असेल तर १९७१ पासूनचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

२. पुस्तक गेलं तरी दाखल नोंदवही असते. वाळवी लागते, पावसात छत गळतं, जुनी पुस्तकं बाद होतात. वही मात्र बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुठंतरी असते. एकेका ओळीत तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, शेवटी शेरा. गावच्या सार्वजनिक वाचनालयातही ती मिळते, कारण १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान हवं तर दप्तर राखावं लागतं. वर्गांक टाकलेला असेल तर ८९१.४६३ पाहत जावं, म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्या तेवढ्या निघतात. आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीची चौकशी परभणीचं नाव घेऊनच करावी.

३. आजोबांच्या काळातली कादंबरी असेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' बघावी. १८०० ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं एका माणसानं नोंदवून ठेवलीत. त्या माणसापुढं हात जोडावेत असंच ते काम आहे. मला हवी होती ती त्यानंतरची.

४. काय घडलं यापेक्षा कोण सांगत होतं, ते आठवावं. हे मला शिकवलं कळमनुरीला राहणाऱ्या आमच्या निवृत्त मराठीच्या सरांनी. कर्ज, भाऊबंदकी, दुष्काळ या खुणा निरुपयोगी आहेत, आपल्या ग्रामीण कादंबऱ्यांत त्या पानोपानी सापडतात. मी शिंप्याचं घर म्हणालो, तसं सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई स्वतःच बोलती का रे, का तिची गोष्ट दुसरं कुणी सांगतं?" मी म्हणालो, "बाईच बोलती, सर. शेवटपर्यंत." "मग बोराडे सरांची 'पाचोळा'. दुसरी कुठली नाही."

रा. रं. बोराडे यांची ही कादंबरी १९७१ ची. गंगाराम शिंप्याची बायको पार्वती आपल्या घराची वाताहत आपल्याच बोलीत सांगते. घरातली बाई चुलीपुढं बसून बोलावी तसं ते सगळं येतं. नववीतल्या मुलाला लेखक आठवला नाही, कारण वाचताना त्याला लेखक जाणवलाच नव्हता. मराठवाड्याच्या बोलीत अख्खी कादंबरी उभी राहू शकते, हे बोराड्यांनी दाखवलं, आणि आमच्यासारख्यांना पुस्तकात पहिल्यांदा आपल्या घरचं बोलणं भेटलं. हे ऋण मोठं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले.

५. आठवणीत दोन पुस्तकं एक होतात. सरांनी दुसरं नावही सांगितलं: उद्धव शेळके यांची 'धग', १९६० ची. तिथंही शिंप्याचंच घर, तिथंही संसार ओढणारी बाई, कौतिक. महारोगानं खचलेल्या नवऱ्याचं जे चित्र मी या गोष्टीला जोडत होतो ते 'धग'मधलं. पण तिथं कौतिकची कहाणी निवेदक सांगतो, आणि माणसं वऱ्हाडी बोलतात. सेनगावच्या पलीकडं रिसोड, म्हणजे वऱ्हाडच. आमच्या मामीच्या तोंडी 'मले-तुले' असायचं, त्यामुळं दोन्ही बोली मला घरच्याच वाटल्या आणि दोन्ही घरं एकमेकांत मिसळली. तपशील जुळत नसतील तर एका पुस्तकाचा हट्ट सोडावा.

६. विचारताना आपलं उत्तर पुढं करू नये. "ती दुष्काळावरचीच ना?" म्हटलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. जेवढं नक्की आठवतं तेवढं सांगावं आणि गप्प बसावं.

७. वही आणि सूची नंतरही बघता येईल, आधी माणसांकडं जावं. कुठल्या मार्चमध्ये अनुदान आलं, तेव्हा कुठली पुस्तकं आली, कुठल्या पोरानं कुठलं नेलं, हे आमच्या सरांना अजून सांगता येतं. त्यांच्या बरोबरीचे कितीतरी शिक्षक वसमत, औंढा, सेनगावात घरीच असतात आणि असलं काही विचारायला कुणी आलं तर खुलतात. आपल्या सरांचा पत्ता ठाऊक असेल तर येत्या दिवाळीच्या सुट्टीतच जाऊन यावं.