प्रकाशाने सुटणारी पकड

भोर-वेल्ह्याकडे पावसाळ्यात बांधाबांधावर टाकळा माजतो. त्याची पाने दिवेलागणीला जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. झाडाचे अंतर्गत घड्याळ आणि प्रकाश, दोन्हींचा त्यात वाटा असतो. आता पानाऐवजी एकच रेणू प्रकाशाने मिटतो, उघडतो अशी कल्पना करा. असे रेणू आहेत, आणि जिवंत पेशी हाताळण्याच्या कामी ते येतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात माणसाच्या व प्राण्यांच्या पेशी जतन करून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवल्या जातात. अशा पुष्कळशा पेशी प्लॅस्टिकच्या बशीच्या तळाला चिकटल्याशिवाय वाढतच नाहीत. त्या काढण्यासाठी सहसा ट्रिप्सीन हे प्रथिने तोडणारे एंझाइम घालतात. पकड सुटते खरी, पण पेशीच्या पृष्ठभागावरची उपयुक्त प्रथिनेही कापली जातात. शिवाय बशीतल्या साऱ्याच पेशी सुटतात. हव्या तेवढ्याच निवडता येत नाहीत.

पेशी चिकटते म्हणजे काय? तिच्या आवरणातील इंटेग्रिन नावाची प्रथिने तळावरची एक खूण ओळखून धरतात. आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्ले ओळीने जोडलेली, एवढीच ती खूण. ही खूणच प्रकाशाने मागे ओढली तर?

ॲझोबेंझीनचा रेणू हे करू शकतो. सरळ असताना त्याची लांबी सुमारे ०.९ नॅनोमीटर असते. ३६० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश पडला की तो वाकून ०.५५ होतो, निळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होतो. हिशेब पाहा. १२४० ला तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. येथे ती ३.४ येते. शरीराच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची ऊर्जा जेमतेम ०.०२७! म्हणून एक फोटॉनही रेणू वाकवू शकतो.

२००५ साली म्युनिकच्या संशोधकांनी पॉलिमेथिल मेथाक्रिलेट या पारदर्शक बहुवारिकावर ॲझोबेंझीनचे दांडे रोवून टोकाला ही खूण बसवली. दांडे सरळ असताना उंदराच्या हाडातील पेशी चांगल्या चिकटल्या, वाकवल्यावर कमी. ‘कमी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पकड पूर्ण सुटली नव्हती.

दुसरी अडचण अतिनील प्रकाशाचीच. तो फार वेळ पडला तर पेशींना अपाय होतो. म्हणून ॲझोबेंझीनला फ्लोरिनचे अणू जोडून हिरव्या प्रकाशाला वाकणारे रेणू बनवण्यात आले आहेत. हिरव्याची तरंगलांबी ५३० नॅनोमीटर धरून त्याच्या फोटॉनची ऊर्जा तुम्हीच काढा.