अपशकुन कुणी म्हटलं?

मनू, काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, आगगाडी म्हणजे नियती, एवढं लिहिलं की झालं ना?’ घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आता बोलते.

गाईडातलं ते वाक्य मीही लिहिलं होतं गं, मार्कही पडले. पण ‘अ‍ॅना कॅरेनिना’ नुसती वाचायला म्हणून पुन्हा हातात घेतली, तेव्हा ते वाक्य अगदीच लंगडं वाटलं. पुस्तकातली पहिली गाडी स्टेशनात येतच नाही मुळी. तिसऱ्या प्रकरणात अ‍ॅनाच्या भावाची पोरं खोक्याची आगगाडी करून खेळताहेत. टपावर बसवलेले उतारू खाली पडले म्हणून बहीण भावावर ओरडतेय. आपण हसून पान उलटतो.

मग मॉस्को स्टेशन. अ‍ॅना उतरते, पुढे तिचा प्रियकर होणारा व्रॉन्स्की भेटतो, आणि मागे सरकणाऱ्या गाडीखाली एक पहारेकरी सापडतो. तो प्यायला होता की थंडीनं कान गुंडाळल्यामुळे त्याला ऐकू गेलं नाही, हे टॉलस्टॉय मोघमच ठेवतो. त्याच्या विधवेसाठी व्रॉन्स्की २०० रूबल देतो. अ‍ॅना म्हणते, हा अपशकुन.

इथं पेन्सिलीनं खूण कर. अपशकुन हा शब्द तिच्या तोंडचा आहे, लेखकाच्या नव्हे. मांजर आडवं गेलं की आपली आजी दोन पावलं मागे यायची, आठवतं? त्यातलं मांजराला काही ठाऊक असायचं का?

आता स्वप्नातला तो म्हातारा शेतकरी घे. हिमवादळाच्या रात्री गाडी मधल्या एका स्टेशनात थांबते, एक वाकलेली सावली सरकते, लोखंडावर हातोडा वाजतो. पुढे दाढी विस्कटलेला, वाकून काहीतरी करणारा, फ्रेंचमध्ये पुटपुटणारा एक शेतकरी अ‍ॅनाच्या स्वप्नात येतो. व्रॉन्स्कीच्याही! तिच्या स्वप्नात कुणीतरी सांगतं की तू बाळंतपणात जाशील. ती मरता मरता वाचते. म्हणजे शकुन चक्क चुकला. पण स्वप्न काही तिला सोडत नाही, आणि मला वाटतं, तीही त्याला सोडत नाही.

शेवटच्या स्टेशनवर तिला एकदम तो पहिल्या दिवशीचा चिरडलेला माणूस आठवतो, आणि काय करायचं ते तिथं ठरतं. गाडी तिच्या मागावर नव्हती. अ‍ॅनानंच जुनी आठवण उकरून काढली. त्यातही अगदी शेवटच्या क्षणी तिला धसका बसतो, हे मी काय करतेय, म्हणून उठायला बघते. नियतीनंच सगळं ठरवलं असतं तर हा धसका टॉलस्टॉयनं कशाला लिहिला असता? ते पान मला आजही सलग वाचवत नाही.

दुसरं म्हणजे, त्या काळी गाडी ही खरीखुरी नवी वस्तू होती. मॉस्को–पीटर्सबर्ग मार्ग १८५१ चा, आपल्या बोरीबंदर–ठाण्याच्या आधी दोनच वर्षं. कादंबरीतला लेव्हिन तर रेल्वे रशियात फार लवकर आली म्हणून कुरकुरतो. आणि १८७२ च्या जानेवारीत टॉलस्टॉयच्या शेजाऱ्याच्या घरातल्या एका बाईनं गाडीखाली जीव दिला. त्यानं तिचा देह स्वतः पाहिला. कादंबरी पुढच्या वर्षी सुरू झाली. आधी ती बाई होती, प्रतीक मागाहून आलं.

आईविना वाढणारा अ‍ॅनाचा सर्योझाही शाळेत गाडी-गाडीच खेळतो. ती जागा तूच शोध, सातव्या भागात आहे. त्या खोक्याच्या गाडीशेजारी ती ठेवून बघ, आणि जे वाटेल ते तुझ्या शब्दांत लिही. मार्क दोन कमी पडले तर मी आईशी बोलेन.

आणि हो, १९१० साली टॉलस्टॉय गेला तोही एका रेल्वे स्टेशनवर, आस्तापोवोला, स्टेशनमास्तरच्या घरात. ते मात्र उत्तरपत्रिकेत घालू नकोस. तो निव्वळ योगायोग आहे.