कोयत्याची धार आणि देहाची निगा

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरातली गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज. कोणत्याही तालुक्यात जा. पुष्कळ घरांना कुलपे. ओट्यावर म्हातारी माणसे. बाकीची मंडळी ऊस तोडायला गेली. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूरला, कोणी पार कर्नाटकात.

तिथे पाच-सहा महिने कोपीत राहायचे. पहाटे उठून फडात जायचे. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठायचे. बाईला त्याआधी पाणी आणि भाकरी, त्यानंतर धुणे-भांडी. मधल्या वेळात लेकरे.

अशा माणसाला "देहाची निगा राखा" असे कोणी सांगितले, तर ते म्हणेल, "गुरुजी, वेळ कुठं हाय?"

हा प्रश्न खरा आहे. म्हणून आजचा धडा याच प्रश्नावर आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात आम्ही एकदा फळ्यावर लिहिले, 'भरपूर पाणी प्या.' सर्वांनी ते वाचले. मग मागे बसलेली एक बाई म्हणाली, "गुरुजी, पाणी पेलं की लघवीला जावं लागतं. फडात चारी बाजूंनी गडीमाणसं. जायचं कुठं?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. हे वाक्य आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले. पण पाणी न पिण्यालाही कारण असते, हे त्या रात्री आम्हांला त्या बाईने शिकवले.

आता पुढे काय होते ते पाहा. बाई पाणी कमी पिते. लघवी दाबून ठेवते. मग लघवीच्या जागी जंतू वाढतात. जळजळ होते, ताप येतो, ओटीपोट दुखते. पाळीच्या दिवसांत घड्या धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. ओलसर घडी पुन्हा वापरली की खाज सुटते, कधी जंतूंचा आजारही होतो. दवाखान्यात जावे, तर खाडा पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. खाड्याची मजुरी तर जातेच, वर दंडही कापतात. म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. शेवटी कोणी सांगते, "पिशवी काढून टाक, कटकट मिटंल."

ही ऐकीव गोष्ट नाही. २०१९ साली सरकारने नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. त्यांतल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते.

पिशवी काढली की सगळी दुखणी जातात, हा समज चुकीचा आहे. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त जाणे, यांवर पुष्कळदा औषधाने गुण येतो. कधी कधी ऑपरेशन खरोखरच लागते. तेव्हा ते टाळू नये. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर लहान वयातच अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात. मग कोयता कसा उचलणार? म्हणून एकाच डॉक्टरच्या शब्दावर ऑपरेशनला तयार होऊ नका. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे दाखवा. "औषधाने बरे होईल का?" असे धीटपणे विचारा.

आता वेळेचा हिशेब करू.

कोयत्याला धार लावायला वेळ नाही, असे कोणी म्हणते का? म्हणत नाही. बोथट कोयता दिवसभर छळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कोयता मोडला तर नवा घेता येतो. हात मोडला तर?

तोंड-अंग धुणे, १० मिनिटे. दिवसातून पाच-सहा वेळा पाणी पिणे, ५ मिनिटे. लघवीला जाऊन येणे, १० मिनिटे. झोपण्याआधी साबणाने हातपाय धुऊन कुठे कापले, कुठे पान लागले ते पाहणे, ५ मिनिटे. एकूण ३० मिनिटे झाली. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे अठ्ठेचाळीस वाट्यांतला एक वाटा देहाचा.

हा वाटा बाईला एकटीला काढता येणार नाही. भावांनो, तुम्ही दोन हंडे आणले, तर तिची ही मिनिटे निघतात. पाणी भरणे हे बाईचेच काम, असे कोठे लिहिलेले नाही.

टोळीनेही काही गोष्टी ठरवाव्यात. उचल घेतानाच मुकादमाशी बोलावे. फडाच्या कडेला दोन जुनी लुगडी बांधून आडोसा करावा. बायांनी जोडीने जावे. घड्या साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात. लाज धरून अंधारात टांगू नयेत. कोयता लागला तर जखम साबणपाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. धाप लागते, चक्कर येते, तर रक्त कमी असू शकते. आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या मागून घ्याव्यात. पालेभाजीवर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा पिऊ नये. त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

दुसऱ्याला सांगताना आमची चूकही सांगितली पाहिजे. शाळेत असताना आमचे डोके दुखे. "सुट्टीत दाखवू" म्हणता म्हणता तीन सुट्ट्या गेल्या. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही मुलांसमोरच घेरी येऊन पडलो. रक्तदाब वाढलेला निघाला. तो मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती आम्ही तीन वर्षे काढली नाहीत. आम्हांला तर खाडाही नव्हता, दंडही नव्हता.

तुम्हांला दोन्ही आहेत. म्हणून तुमचे काम अवघड आहे, हे आम्ही जाणतो. तरी गावाहून निघण्याआधी एकदा उपकेंद्रात जाऊन तपासून घ्या. भाकरीच्या पिठाबरोबर साबणाची वडी बांधून घ्या.

ती मागे बसणारी बाई या वर्षी निघताना भेटली. म्हणाली, "गुरुजी, दोन जुनी लुगडी बांधून घेतलीत." आम्हांला फार बरे वाटले.

सांगा आणि लिहा

१. बाई फडात पाणी कमी का पीत होती?
२. ८२,३०९ हा आकडा अक्षरांत लिहा.
३. टोळीने आधी काय काय ठरवावे?
४. तुमच्या दिवसातली ३० मिनिटे कशी निघतील? घरी बसून, नवरा-बायको मिळून लिहा.